मामांचा के१००० फिल्म कॅमेरा मिळालाय, ३५-७० झूम ठेवू का पन्नासची फिक्स लेन्स साफ करून घेऊ?

निपाणीकर_३६

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहालोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या मामांचा निपाणीत स्टुडिओ होता, लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो सगळं करायचे, मोबाईल आल्यावर हळूहळू बंद पडला. ह्या दिवाळीत त्यांनी माळ्यावरची पेटी काढली आणि पेंटॅक्स के१००० माझ्या हातात दिला, म्हणाले तुला नाद हाय तर वापर, नाहीतर भंगारात जाईल. एक एलआर४४ सेल घातला तर उजेड मोजायच्या मीटरचा काटा लगेच हालला, शटर पण सगळ्या स्पीडवर वाजतंय.

आता प्रश्न लेन्सचा. कॅमेऱ्यावर एक ३५-७० झूम लावलेला हाय, एफ/३.५-४.५ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड आत जास्त), पेंटॅक्सचा नाही, दुसऱ्या कंपनीचा. आणि पेटीच्या तळाला चामड्याच्या कव्हरात पेंटॅक्सची पन्नास एमएम एफ/२ फिक्स लेन्स, म्हणजे झूम न होणारी, मिळाली, खरं तिच्यात कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसालीय. म्हणून मी झूमवरच दोन रोल मारले, दोन्ही आयएसओ २०० चे (हा आकडा जितका मोठा तितका रोल कमी उजेडात चालतो). बाहेरचे फोटो एकदम झकास आले, ऊसाची गाडी, घाटातला रस्ता, बाजार. आत काढलेले मात्र सगळे हलले. आज्जी चुलीसमोर भाकरी थापताना काढलेले सहा फोटो होते, सहाच्या सहा गेले. तंबाखूच्या वखारीत बायका पानं निवडत बसतात तिथं मालकाला विचारून दहा-बारा काढले होते, त्यातला एक बरा आलाय. रोल, धुणं, स्कॅन सगळं धरून हजाराच्या पुढं जातंय, त्यामुळं लई जीवाला लागलं.

मामा म्हणतात मी वीस वर्षं ह्याच झूमवर लग्नं काढली, एक फोटो हलला नाही, तुझा हात स्थिर नाही. असंल पण. खरं मला विचारायचं असं की पन्नासची साफ करून घेऊ का, का झूम विकून त्यात थोडे पैसे घालून २८ आणि १३५ अशा दोन फिक्स घेऊ, का झूमच ठेवून हात सुधारू? पैसे एकाच कामाला पुरतील. मला माणसं काढायची हाईत, घरातली, कामावरची, फ्लॅश न मारता. तेवढं सांगा.

कपिलेश्वर_गल्ली

झूमच ठेव भावा. ३५, ५०, ७० तिन्ही एकाच नळीत मिळालंय आणि ते पण फुकट. फिक्स लेन्स घेतलास की बॅग वाढणार, आणि नेमका क्षण आला की तू लेन्स बदलत बसणार. गणपतीच्या मिरवणुकीत गर्दीत लेन्स बदलून बघ एकदा, मग कळतंय. आतल्या फोटोला ४०० चा रोल घाल, भिंतीला टेकून उभा राहा, श्वास सोडून बटण दाब. मी स्वतः झूमवरच काढतोय आणि समाधानी हाय.

टिळकवाडी_तात्या

निपाणीकर, तुझे मामा खोटं बोलत नाहीत आणि तुझा हात पण खराब नाही. मी पण ह्याच धंद्यातला, बेळगाव, खानापूर, चंदगडपर्यंत लग्नं केली, त्यामुळं सांगू शकतो की मामांचे फोटो का हलले नाहीत. ते फ्लॅश मारत होते बाबा!

के१००० वर फ्लॅश १/६० सेकंदाच्या शटरला चालतो. आम्ही सगळे शटर १/६० ला ठेवायचो आणि दिवसभर त्याला हात लावायचो नाही. फ्लॅशचा गाईड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, २८ असला आणि आत १०० चा रोल असला तर नवरा-नवरी साडेतीन मीटरवर असताना अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ/८, पाच मीटरवर एफ/५.६, हे हिशोब तोंडपाठ असायचे. आता बघ, एफ/८ वरच काढायचं असंल तर लेन्स एफ/२ ची असो नाहीतर एफ/४.५ ची, काय फरक पडला? आणि मांडवातला अंधार फोटोत येतच नाही, फोटो फ्लॅशच्या चमकेनं होतो, ती चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असती, तेवढ्यात हात हालून हालून किती हालणार. वर एफ/८ ला फोकस थोडा इकडं तिकडं झाला तरी चालून जायचं. म्हणून लग्नाला झूम हे सोन्यासारखं हत्यार होतं. अक्षतांना ३५ वर सगळा मांडव, मंगळसूत्राला ७० वर हात आणि गळा, पाय न हलवता, कारण हलायला जागाच नसायची, मागं नवरीची मावशी आणि बाजूला व्हिडिओवाला.

तू फ्लॅश न मारता काढणार म्हणालास, तिथंच सगळा हिशोब उलटा होतो. एफ/२ वर जिथं १/६० मिळतंय तिथं एफ/४ वर १/१५ मिळतंय, दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड चौथाईवर आला. तुझा झूम ७० वर नेलास की एफ/४.५ होतो, म्हणजे १/१५ पण मिळत नाही. आणि हातात धरून काढायचं तर जेवढ्या एमएमची लेन्स साधारण तेवढं तरी शटर पाहिजे, पन्नासला १/६०, सत्तरला शक्यतो १/१२५. म्हणजे ७० वर शटर पाहिजे जास्त आणि मिळतंय कमी. ह्यात हात कितीही स्थिर असू दे, आज्जीचा हात भाकरी थापताना हालतोयच की.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. आपला कॅमेरा ऑटो नाही, फोकस डोळ्यानं करायचा. तुझ्या के१००० च्या खिडकीत मधोमध जो जाळीदार गोल हाय तो लेन्स जितका उजेड आत सोडंल तितका बरा चालतो. एफ/२ ची लेन्स लावलीस की चुकीचा फोकस लगेच चमचमतो आणि बरोबर आला की चित्र टक्कन जागेवर बसतंय. एफ/४.५ ला अंधाऱ्या खोलीत ती जाळी नुसती मळकट दिसती, आणि तुला वाटतंय फोकस झाला, झालेला नसतो. तुझ्या वखारीतल्या फोटोत हललेले किती आणि फोकस चुकलेले किती ते भिंग घेऊन बघ. हललेला फोटो एका दिशेला फराटा मारल्यासारखा दिसतो. फोकस चुकला असंल तर दुसरं काहीतरी टोकदार आलेलं असतंय, मागची भिंत नाहीतर पुढची टोपली.

पन्नासची साफ करून घे. त्या लेन्समध्ये पाच-सहाच काचा असतात आणि जुना मेकॅनिक ती अर्ध्या तासात खोलतो. बुरशी कडेलाच असंल तर सध्या सुद्धा एक रोल मारून बघायला हरकत नाही.

निपाणीकर_३६

तात्या, तुम्ही म्हटल्यावर भिंग घेऊन बसलो. वखारीतल्या बारापैकी पाच हललेले आणि सहा फोकस चुकलेले. एकात मागच्या पत्र्याचे खिळेसुद्धा मोजता येतात, बाईचा चेहरा नाही. मामांना फ्लॅशचं विचारलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले होय रे, फ्लॅश काढून मी कधी काढलेच नाहीत, कुणी मागितलेच नाहीत. मग पेटीतनं तो फ्लॅशपण काढून दिला, खरं सेल आत गळून सडल्यात.

बुरशी साफ केल्यावर परत येती का? आणि झूममध्ये पण असंल का? कसं बघायचं?

जांबोटी_बाई

येती. आमच्या जांबोटी-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, लेन्सला का नाही येणार. मी शाळेत शिकवते आणि दहा वर्षं झाली फिल्मवर काढते, माझ्या दोन लेन्स पहिल्याच पावसाळ्यात गेल्या, त्यातनं शिकले. चामड्याचं कव्हर आधी काढून टाका, ते ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायच्या, परत चालतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वापरत राहा. बुरशीला अंधार, ओल आणि न हललेली हवा लागते.

तपासायचं सोपं आहे. लेन्स कॅमेऱ्यावरनं काढा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागच्या बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढनं तिरकं बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिचं काही मनावर घेऊ नका. धागे किंवा जाळं दिसलं तर बुरशी. सगळंच दुधाळ दिसलं तर आत धुकं धरलंय. झूममध्ये दहा-पंधरा काचा असू शकतात, त्यातल्या मधल्यांपर्यंत पोचायला सगळी नळी उलगडावी लागते, म्हणून मेकॅनिक झूम बघितला की तोंड फिरवतो. माझा असाच एक झूम एका दुकानात साफ करायला दिला होता, परत आला तो फिरवताना मध्येच अडकत होता आणि अनंतावर, म्हणजे एकदम लांबच्या वस्तूवर, फोकसच होईना. तेव्हापासून मी झूम ठेवला नाही. आपल्या पावसात साधी लेन्स टिकते, हे माझं मत.

आता २८ आणि १३५ बद्दल. २८ चा उपयोग सांगते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन देऊळ), १२०४ मधली, तिथं मंडपाच्या छताला दगडात कोरलेलं कमळ आहे. पन्नास लावून खाली उभं राहिलं तर कमळाचा तुकडा येतो, मागं सरकून उपयोग नाही कारण छत वर आहे, तुम्ही जमिनीच्या खाली तर जाऊ शकत नाही. तिथं २८ लावायची. मी विचारून परवानगी घेतली, पूजा चालू नसताना कॅमेरा पाठीवर झोपवून जमिनीवर ठेवला, लेन्स वर, एफ/८, एक सेकंद. के१००० ला सेल्फ टायमर नाही, म्हणून केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची तार, लागते, ती आधी घ्या, कुठल्याही लेन्सच्या आधी. पण हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळाचं शिखर २८ नं काढायला गेले तर जवळ उभं राहून कॅमेरा वर करावा लागला आणि शिखर मागं पडल्यासारखं आलं. लांब जाऊन पन्नासनं काढलं तेव्हा सरळ उभं राहिलं. म्हणून सांगते, २८ आत्ता नको. पन्नासवर पाच-सहा रोल काढा, जागा कमी पडते असं कितीदा वाटतंय ते वहीत लिहा, आणि मग ठरवा.

कपिलेश्वर_गल्ली

तात्यांचा फ्लॅशचा मुद्दा मान्य, मी त्या बाजूनं विचारच केला नव्हता. खरं एक सांगतो, फिक्सवाले नेहमी म्हणतात पायानं झूम करा, ते बरोबर नाही. दोन पावलं पुढं गेलास की नुसतं माणूस मोठं होत नाही, माणूस आणि मागचं घर ह्यांचं नातं बदलतंय. चेहरा ३५ वर जवळनं काढलास तर नाक पुढं येतंय आणि कान मागं जातात, तोच ७० वर लांबनं काढलास तर चेहरा चेहऱ्यासारखा दिसतोय. म्हणून मी आधी कुठं उभं राहायचं ते ठरवतो, मागं काय आणि किती दिसायला पाहिजे ते बघतो, आणि मग रिंग फिरवून कडा कापतो. ही सोय फिक्समध्ये नाही. बांधावर उभं राहून पलीकडच्या शेतातली भातलावणी काढायची तर पाय कुठं टाकणार, चिखलात?

निपाणीकर, झूम विकू मात्र नकोस. कुणी दोन पैसे देणार नाही आणि उन्हात तो उत्तम चालतोय हे तूच म्हणालास.

टिळकवाडी_तात्या

हे मात्र लाख बोललास. आमच्यातले निम्मे फोटोग्राफर उलटं करायचे, एका जागी खांबासारखे उभे राहून रिंग फिरवायचे. त्यानं झूमचं नाव खराब झालं.

उन्हात झूम वापरणार असशील तर फोकस नेहमी ७० वर नेऊन कर आणि मग ३५ वर ये. तिथं चित्र मोठं दिसतंय, चूक पकडता येते. काही जुन्या झूममध्ये रिंग फिरवली की फोकस सरकतो, ते आधी तपासून घे. लांबचा खांब ७० वर पक्का कर, ३५ वर आण, खिडकीत बघ टिकला का. आणि ३.५-४.५ लिहिलेल्या झूमवर रिंग फिरवली की उजेडपण कमी-जास्त होतो, कॅमेऱ्याचं मीटर लेन्समधनंच बघतंय म्हणून काटा सांगतो, खरं फिरवल्यावर काटा परत बघायची सवय पाहिजे.

सौंदत्ती_रोड

उशिरा वाचालोय. १३५ आणि मोठ्या झूमचं मी सांगतो कारण माझं सगळं काम यात्रेतलं. दरवर्षी पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर जातो, आधी ८०-२०० झूम घेऊन जायचो, पुढं-मागं ढकलायचा जो असतो तो. भंडारा उधळतात तिथं. तो झूम म्हणजे भाता हो, मागं ओढला की हवा आत घेतो आणि हवेबरोबर हळद. दोन यात्रांत आतली काच पिवळी पडली. आता जुनी १३५ एफ/३.५ लावतो, तिचा फोकस फिरवताना नळी थोडीशीच पुढं येते, आणि रुमाल गुंडाळून ठेवतो. एकच अंतर असल्यामुळं डोळ्याला पण सवय होते, लांबनं बघितलं तरी कळतंय की चौकटीत काय बसणार, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळतंय. पाच वर्षं झूम वापरला तेव्हा हे कधी झालं नव्हतं.

तरी पण ज्याला घरातली माणसं काढायचीत त्याला १३५ चा उपयोग नाही, स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकली तरी डोळे आणि नाकच येणार. पेंटॅक्सच्या जुन्या एम मालिकेतल्या २८ एफ/२.८, ५० एफ/२ आणि १३५ एफ/३.५ तिन्हीला ४९ एमएमचाच फिल्टर बसतोय, पुढं कधी घेतल्यास तर एक पिवळा फिल्टर सगळ्यांना चालतोय. आणि नवीन पेंटॅक्स लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नको, जिला अपर्चरची रिंग नाही ती के१००० वर चालत नाही, अपर्चर बदलायची सोयच कॅमेऱ्यात नाही. रिंगवर ए (ऑटो) लिहिलेली असंल तर चालतंय, फक्त ए वरनं काढून आकड्यावर आणायची.

निपाणीकर_३६

मंडळी, दोन महिन्यांनी लिहालोय. पन्नास कोल्हापुरात एका जुन्या मेकॅनिककडं दिली, पुढच्या दोन काचा काढून पुसल्या, एका काचेवर बुरशीनं कोटिंग खाल्लंय तिथं बारीक डाग राहिलाय, म्हणाला समोरनं थेट ऊन आलं तरच दिसंल. झूमवर टॉर्च मारून बघितला, धूळ हाय, जाळं नाही. तो डब्यात ठेवलाय, उन्हात फिरायला गेलो की नेतोय. चामड्याचं कव्हर मामांनीच काढून टाकलं.

४०० चा काळा-पांढरा रोल घातला, पन्नास लावली, वहीत प्रत्येक फोटोचं शटर आणि अपर्चर लिहिलं. वखारीत खिडकीजवळ बसलेल्या बाईंचे फोटो एफ/२ आणि १/६०, आठपैकी सात पक्के आले. एफ/२ ला जवळनं काढलं की एक डोळा पक्का आणि कान मऊ येतात, आधी चूक वाटली, आता आवडालंय. आज्जीचा एक फोटो १/३० ला काढला, चौकटीला खांदा टेकून. चेहरा एकदम पक्का, डोळ्याखालच्या सुरकुत्यासुद्धा, आणि भाकरीवरचे हात तेवढे हललेत. मामांना दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले हा फ्लॅशनं आला नसता.

आता त्यांना पण एक रोल पाहिजे म्हणतात. वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांना आम्ही दोघं येणार, रात्रभर थांबायचा विचार हाय. तात्या, ४०० चा रोल १६०० चा समजून काढून धुवायला देताना तसं सांगितलं की चालतंय ना? आणि त्या रात्री पन्नास एकटीच आणू का झूमपण घेऊ?

टिळकवाडी_तात्या

चालतंय, काळा-पांढरा असंल तर आरामात, डब्यावर मोठ्या अक्षरात १६०० लिहून दे आणि पूर्ण रोल १६०० वरच काढ, मध्ये बदलू नको. एकटी पन्नास आण. मामांना माझ्याकडं घेऊन ये, माझा फ्लॅश अजून चालतोय, त्यांना पाहिजे असंल तर एक रात्र देतो.